तो निरोप नव्हता

शिरीष पाण्यात पाठीमागे पडला तेव्हा मी त्याच्याकडे पाहत नव्हतो. रबरी बोटीच्या काठावर तो अगदी माझ्यासमोर बसला होता. पाठीवर हवेचा टँक, डोळ्यांवर मास्क, मनगटाला पिवळ्या नाडीने बांधलेली ती जुनी टॉर्च. डायव्हिंगला जाणारे सगळे एका इशाऱ्यावर एकदम पाठीमागे पाण्यात पडतात. त्या इशाऱ्याआधी त्याने मला हाक मारली. "मिल्या, कान सांभाळ रे. आणि फुगलेले गालही," असं म्हणून तो हसला. मी मुद्दाम दुसरीकडे, समुद्रातून वर आलेल्या त्या काळ्या खडकाकडे बघत राहिलो. मग पाण्याचा आवाज झाला आणि बोट एका बाजूला हलकी झाली... आमची शेवटची भेट म्हणायची तर ती एवढीच.

ही गोष्ट काही आठवड्यांपूर्वीची. आमच्या मराठी मंडळाच्या पेपरच्या पुरवणीसाठी संपादकांनी शिरीषवर लिहायला सांगितलं तेव्हा त्यांची अपेक्षा चार चांगल्या आठवणींची असणार. त्या मी लिहीन. पण मला शांतपणे लिहिता येणार नाही, आणि शांत व्हायची माझी इच्छाही नाही. संपादकांनी एक अट घातली आहे, की लेखात कुणावर बोट ठेवताना नाव येता कामा नये. ठीक आहे. मी त्या गृहस्थांना फक्त 'डॉक्टर' म्हणेन. शिकागोच्या पश्चिमेकडच्या मराठी घरांमध्ये नुसतं डॉक्टर म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. तर डॉक्टर, हे तुम्ही वाचत असाल, आणि तुम्ही ही पुरवणी पहिल्या पानापासून वाचता हे मला ठाऊक आहे, तर हातातला चहा आधी खाली ठेवा.

शिरीष मला भेटला तो नेपरव्हिलच्या स्टेशनवर. मी नुकताच इथे आलो होतो, पहिलाच हिवाळा, शिकागोकडे जाणारी गाडी उशिरा. थंडीने कान तुटायला आले तसा मी स्वतःशीच एक सणसणीत शिवी हासडली. मागून आवाज आला, "शिवी नागपूरची वाटते." वळून पाहिलं तर कानटोपीतून फक्त नाक आणि चष्मा दिसणारा एक माणूस. "तुम्ही कुठले?" मी विचारलं. "सांगली. आमच्याकडे एवढ्या थोड्यात भागत नाही," तो म्हणाला. त्या दिवसापासून आम्ही एकाच डब्यात बसायला लागलो. पुढे घरंही एकाच वस्तीत घेतली, मधे एक तळं सोडून. तो पुलांचा इंजिनिअर, मी कॉम्प्युटरवाला. त्याची बायको मेधा, माझी वहिनी, आणि त्यांची एकुलती मुलगी रुचा, जी माझ्या मांडीवर बसून मला माझ्या इंग्रजीतल्या चुका दाखवायची.

कृष्णेच्या पुरात पोहलेला माणूस तो. इथल्या निळ्या टाइल्सच्या पूलमध्ये त्याचा जीव रमेना. चाळिशीत त्याला कुणीतरी डायव्हिंगचं वेड लावलं, आणि त्याने ते मला लावलं. मला पाण्याची भीती वाटते हे त्याला माहीत होतं. "म्हणूनच चल. घाबरणारा माणूस नीट वागतो," असं त्याचं म्हणणं. इलिनॉयमध्ये समुद्र कुठला आणायचा? इथे लोक जुन्या दगडाच्या खाणीत डायव्हिंग शिकतात. खाण सोडून दिली की तिच्यात पाणी साचतं, हिरवं, गार आणि गढूळ. हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. आम्हाला शिकवणारा एक निवृत्त अग्निशमनवाला होता. तो पहिल्या दिवशी म्हणाला होता, की पाण्याखाली तुम्ही एकटे नसता, तुम्ही अर्धे असता, दुसरा अर्धा तुमचा बडी, म्हणजे जोडीदार. दोघांनी एकमेकांना नजरेआड होऊ द्यायचं नाही. प्रत्येकाच्या टँकला दोन नळ्या असतात. काळी आपल्या तोंडात. पिवळी छातीवर लटकत असते, आणि ती स्वतःसाठी नसते. बडीची हवा संपली तर ती त्याला द्यायची. पिवळा रंग एवढ्यासाठीच, की गुदमरणाऱ्या माणसाला ती चटकन दिसावी.

आणि टॉर्चची भाषा. पाण्याखाली बोलता येत नाही, गढूळ पाण्यात हात दिसत नाहीत, म्हणून उजेडाने बोलायचं. टॉर्चने सावकाश गोल काढला की त्याचा अर्थ, 'मी ठीक आहे, तू?' समोरच्याने गोल काढूनच उत्तर द्यायचं. उत्तर दिल्याशिवाय राहायचं नाही, हा नियम. आणि टॉर्च भराभर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवली की त्याचा अर्थ एकच... संकटात आहे, ये. त्या दोन खुणा आमच्या हातात इतक्या मुरल्या, की त्या आम्ही जमिनीवरही वापरायला लागलो. मी त्याच्याकडे जेवून निघालो की शिरीष दारात टॉर्च घेऊन उभा राहायचा आणि हवेत एक मोठा गोल काढायचा. मी गाडी मागे घेता घेता दिवे एकदा उघडझाप करायचो. मेधावहिनी म्हणायच्या, "झालं का दोघांचं? आता दार लावा, गार वारा येतोय." ती टॉर्च त्यांनीच दिलेली. तिची मूळची दोरी तुटली तेव्हा त्यांनी शिरीषच्याच पायजम्याची पिवळी नाडी ओवून दिली होती. वहिनी आजारात गेल्या, त्यानंतर त्या नाडीला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. महागड्या सामानाने लगडलेल्या डायव्हर्समध्ये हा माणूस मनगटाला पायजम्याची नाडी बांधून हिंडायचा. कुणी विचारलं तर गंभीर चेहऱ्याने सांगायचा, की भारतीय तंत्रज्ञान आहे, अजून बाजारात आलेलं नाही.

डॉक्टर आमच्या आयुष्यात नंतर आले. म्हणजे होते आधीपासूनच. हृदयरोगतज्ज्ञ, इथे पहिल्यांदा आलेल्या पिढीतले, मंडळाचे माजी अध्यक्ष, हॉलच्या पाटीवर ज्यांचं नाव आहे ते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पाण्याखालच्या कॅमेऱ्याचा नाद धरला. दोन बाजूंना खेकड्यासारखे हात असलेला, दिवे लावलेला तो कॅमेरा. आम्ही डायव्हिंग करतो हे कळल्यावर त्यांनीच मेक्सिकोची ती सफर ठरवली. "खाणीत काय डुंबता रे म्हशींसारखे? खरा समुद्र दाखवतो चला," ते म्हणाले. बोलावल्याचा आम्हाला केवढा आनंद झाला! आज लिहितानाही लाज वाटते. डॉक्टरांनी आपल्याला बरोबर घेतलं, एवढ्यानेच मी महिनाभर फुशारलो होतो.

मेक्सिकोच्या टोकावरून बोट सुटते आणि एक दिवस, एक रात्र आणि वर थोडा वेळ ती उघड्या पॅसिफिकमध्ये चालत राहते. आठवडाभर तीच बोट आपलं घर. तिथेच झोपायचं, तिथेच जेवायचं, दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात उतरायचं. पाय टेकायला जमीन नाही. पोहोचल्यावर जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. समुद्राच्या मधोमध राखेचा एक डोंगर, त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत पावसाने पाडलेल्या खाचा, झाड नाही, माणूस नाही. ज्वालामुखीतून सांडलेला लाव्हा पाण्यापर्यंत येऊन तिथेच काळा होऊन थांबलेला. शिरीष कठड्याला रेलून बघत होता. मग म्हणाला, "मिल्या, सह्याद्री लहान असताना असाच दिसत असेल." आपला सगळा दख्खन अशाच लाव्हाचा आहे, हे त्याने मला तिथे सांगितलं, आणि दूर कुठे तरी आपल्याच घराच्या पायापाशी आल्यासारखं मला वाटलं.

पहिले दिवस स्वर्गाचे होते. मी शिरीषचा बडी, तो माझा. डॉक्टर कॅमेरा घेऊन एकटे. "मी शूटिंग करताना मला बडीची कटकट नको," ते जेवणाच्या टेबलावर म्हणाले होते. "एका समुद्रात असलो की झालं, तेवढी सोबत मला पुरते." सगळे हसले. मीही.

मग ती संध्याकाळ आली. जेवताना शिरीषने रंगात येऊन आमचा जुना किस्सा सांगितला, खाणीत पहिल्या वर्षी मी घाबरून त्याची पिवळी नळी कशी ओढली आणि जवळजवळ त्याच्या पाठीवर बसून कसा वर आलो. अमेरिकन पाहुणे टेबल बडवून हसले. डॉक्टर मराठीत म्हणाले, "काय रे मिलिंद, तू पाण्यात बडी घेऊन जातोस की घोडा?" मी तोंडावर हसलो. पण ते मला लागलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला इतकं का लागावं? सकाळी मी कान धरून बसलो. कान मोकळा होत नाही, दुखतोय, असं सांगितलं. कान ठणठणीत होता. मला फक्त शिरीषला शिक्षा करायची होती.

डॉक्टरांनी माझ्या कानात उजेड पाडून पाहिलं. "जरा लाल दिसतोय. आजचा दिवस राहू दे," ते म्हणाले. शिरीष लगेच म्हणाला, "मग मीही राहतो. वर बसून पत्ते खेळू." तेव्हा मी काय बोललो ते ऐका. मी म्हणालो, "नको. तू डॉक्टरांबरोबर जा. ते घाबरत नाहीत." तो माझ्याकडे बघत राहिला. "नाटक्या आहेस," एवढंच म्हणाला आणि सूट चढवायला गेला. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आज तू माझा बडी. चल, तुला सिनेमात घेतो." म्हणजे त्या दिवशी एका समुद्रात असणं पुरेसं नव्हतं, डॉक्टर. त्या दिवशी तुम्ही शब्द दिला होता. आठवतंय?

मी रबरी बोटीत नुसता बसायला गेलो. खडकाभोवती लाटा फुटत होत्या, वर पक्ष्यांचा कलकलाट. गाइड बाकीच्यांना घेऊन पुढे गेला होता, हे दोघे शूटिंगसाठी मागे. बऱ्याच वेळाने डॉक्टर एकटे वर आले. तोंडातली नळी काढता काढता ओरडले, "मिलिंद, काय फुटेज मिळालंय! एवढा मोठा मासा माझ्या अंगावरून गेला, अंगावरून!" मी विचारलं, "शिरीष कुठेय?" "येईल, मागेच होता." त्यांनी आधी कॅमेरा वर दिला. "सांभाळून, सांभाळून," असं बोट चालवणाऱ्याला दोनदा बजावलं. मग टँक काढून दिला. तो उचलताना त्याच्या काट्यावर माझी नजर गेली. अर्धा टँक भरलेला होता. दोन माणसं आरामात वर आली असती एवढी हवा. आणि त्यांची पिवळी नळी तिच्या जागी अडकवलेली होती, छातीच्या पट्ट्यात, कुणाचा हात न लागलेली.

शिरीष खडकाच्या पलीकडे सापडला. खडकाच्या कडेने पाणी खाली ओढत होतं, त्यात तो अडकला, तिथून सुटायला झगडताना त्याची हवा संपली, असं गाइड म्हणाला. खोल आणि एकटा. त्याला बोटीवर घेतलं तेव्हा त्याच्या मनगटावरची टॉर्च अजून चालू होती. भर उन्हात तो उजेड दिसत नव्हता, नाडी सोडवताना माझ्या तळव्यावर पडला म्हणून कळलं. मीच ती विझवली.

परतीचा सगळा प्रवास त्याला खालच्या एका केबिनमध्ये ठेवलं होतं, एसी पूर्ण गार करून. मी दाराबाहेर जमिनीवर बसून होतो. एकदा पाणी आणायला वर गेलो तर डॉक्टर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेले. कानात हेडफोन, चेहऱ्यावर निळा उजेड. मला पाहून त्यांनी स्क्रीन मिटली. मला वाटलं, दुःखात माणूस काहीही करतो.

रुचा डेन्व्हरहून आली. ती तिथे शहरातल्या झाडांची देखभाल करते, उंच शिड्यांवर चढते, बापासारखी निर्भय. सगळे विधी तिने एकटीने उरकले. मग मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. डॉक्टर शेवटी बोलले. शिरीष कसा हौशी होता, कसा कुणाचं ऐकत नसे. "समुद्राने त्याला भूल घातली. मी खुणा करत होतो, पण तो आपल्याच नादात," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. पन्नास बायका-पुरुषांनी माना हलवल्या. "आता त्याची शेवटची झलक," ते म्हणाले, आणि पडद्यावर ती फिल्म सुरू झाली. मागे हळू बासरी लावलेली.

निळं पाणी. त्यातून तो प्रचंड मासा येतो. आपल्याकडे कोकणात पाकट म्हणतात त्या जातीचा, पण पंख घराच्या गॅरेजच्या दाराहून रुंद. तो कॅमेऱ्यावरून तरंगत जातो, सावली पडते, हॉलमध्ये सगळ्यांचा श्वास अडकतो. आणि मग मागे, खाली, खडकाजवळ एक बारीकसा दिवा दिसतो. तो हलतो आहे. डावीकडून उजवीकडे. उजवीकडून डावीकडे. भराभर. माझ्या शेजारच्या काकू हुंदका देऊन म्हणाल्या, "अगं बाई, निरोप देतोय गं आपल्याला." पुढच्या रांगेत रुचा बसली होती. तिने पडद्याकडे बघून हात वर केला आणि हलवला. बापाला टाटा केला.

त्या हॉलमध्ये ती खूण वाचता येणारे दोनच लोक होते. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते पडद्याकडे पाहत नव्हते, माझ्याकडेही नाही. मला उठून ओरडायचं होतं. मी बसून राहिलो. बाहेर येऊन बटाटेवडा घेतला. कुणी तरी म्हणालं, डॉक्टरांनी किती सुंदर केलंय नाही? मी म्हणालो, हो.

नंतर रुचानेच मला ती फिल्म पाठवली. मी ती पुन्हा पुन्हा पाहिली, आणि हॉलमध्ये निसटलेली एक गोष्ट दिसली. दिवा हलायला लागल्यावर कॅमेरा माशावरून हटतो. तो दिव्याकडे वळतो. क्षणभर तिथे थांबतो, दिवा अगदी मधोमध येतो... आणि मग कॅमेरा परत माशाकडे जातो. कॅमेरा आपला आपण वळत नाही. तो धरणारे दोन हात असतात, आणि मागे दोन डोळे.

डॉक्टरांचं घरही तळ्याच्या पलीकडच्याच काठावर, मी तिथे गेलो. त्यांनी स्वतः चहा केला. मी म्हणालो, "तुम्ही पाहिलं होतं." ते म्हणाले, "पाण्याखाली माणूस छोट्या स्क्रीनकडे बघत असतो रे. कळत नाही." मी विचारलं, "आणि घरी आल्यावर? बासरी लावताना? तेव्हा मोठ्या स्क्रीनवर पाहिलंत ना?"  ते कप पुढे सरकवत शांतपणे म्हणाले, "समज, पाहिलं. मग काय करणार तू? त्या पोरीला सांगणार, की तुझा बाप टाटा करत नव्हता? ती फिल्म ती रोज बघते, मला मेसेज केला होता तिने. तू काढून घेशील तिच्याकडून?" मी कप तसाच ठेवून उठलो. "आणि मिलिंद," दारापर्यंत सोडायला येताना ते म्हणाले, "तुझा कान आता कसा आहे? मी तेव्हाच पाहिला होता. काही झालं नव्हतं त्याला. तुझी लाज राखायला लाल म्हटलं." पुढच्या महिन्यात व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या मंडळाने त्यांना ही फिल्म दाखवायला बोलावलं आहे, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

मी अनेक रात्री एकच विचार केला. या माणसाला उघडं पाडायचं. हॉलच्या पाटीवरून त्यांचं नाव माझ्या नखांनी खरवडून काढायचं. त्यांना पुन्हा कुणी 'या डॉक्टर, बसा डॉक्टर' म्हणता कामा नये. सूड हा शब्द इथे बसून लिहायला विचित्र वाटतो, पण दुसरा शब्द खोटा होईल. मला सूड हवा होता आणि अजून हवा आहे. फक्त वाटेत रुचा उभी होती. तिच्या हातातला तो एक टाटा मोडल्याशिवाय मला डॉक्टरांपर्यंत पोहोचता येत नव्हतं, आणि त्यांनी नेमकं तिलाच पुढे धरलं होतं. एक सोपी पळवाट होती. रुचाला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. हा लेख मी गुपचूप छापला असता, तर डॉक्टरांनी वाचला असता आणि तिला कळलं नसतं. मी तसं ठरवलंही होतं. मग वाटलं, तिच्या पाठीमागे तिच्या बापाबद्दल बोलायचं, हे तर डॉक्टरांनीही केलं. मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय?

रुचा घर रिकामं करायला पुन्हा आली तेव्हा मी गेलो. ती गॅरेजमध्ये होती, बापाचे सूट हँगरवरून काढत. मी सांगितलं. दिव्याच्या दोन खुणा समजावल्या. मग फोनवर ती फिल्म लावून, कॅमेरा कुठे वळतो ते दाखवलं.  हातातला सूट तिने नीट घडी घालून खाली ठेवला. "सो ही वॉजन्ट सेइंग बाय," ती म्हणाली. मग मराठीत, तुटक तुटक, "मी रोज त्याला बाय करते, काका. रोज." मला वाटलं आता ती मला हाकलून देईल. तिने विचारलं, "अँड व्हेअर वर यू?"

तो प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. बोट किनाऱ्याला लागल्यावर पोलिसांनी विचारलं होतं, पण तो कामाचा प्रश्न होता. मी कानाचं सांगितलं. टेबलावरच्या हसण्याचं सांगितलं. तिचा बाबा वर थांबून पत्ते खेळायला तयार होता आणि मीच त्याला टोमणा मारून पाठवला, हे सांगितलं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी इथे लिहू शकत नाही. ती शिडीवर चढली, वरच्या फळीवरचे बॉक्स काढत राहिली, मी खाली उभा राहून ते झेलत राहिलो. शेवटचा बॉक्स देताना वरूनच म्हणाली, "तू लिहिणार आहेस ना मंडळाच्या पेपरमध्ये? मग हेपण लिही. फक्त डॉक्टरांचं नको. तुझंपण." मी म्हणालो, लिहीन. "प्रॉमिस?" "प्रॉमिस." त्याच दुपारी तिने डॉक्टरांना एका ओळीचा मेसेज केला, की माझ्या वडिलांना यापुढे कुठेही दाखवू नका. हर्नडनचा कार्यक्रम कॅन्सल झाला. कारण प्रकृतीचं दिलं गेलं.

म्हणून डॉक्टर, या लेखात तुमच्याबरोबर मीही आहे. कानाची धमकी आता कुणाला द्याल? ते पान मीच फाडून चव्हाट्यावर ठेवलं आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा मी तुमच्या शेजारी उभा राहून लोकांच्या नजरा झेलायला तयार आहे. पण तुम्हाला एकट्याला घरात बसू देणार नाही. मला तुम्हाला क्षमा करायची नाही. सज्जन लोक मला समजवायला येतात, की शिरीषला हे आवडलं नसतं. शिरीषला काय आवडलं असतं ते तो सांगत होता, दिवा हलवून हलवून. ऐकलं कुणी?

निघताना रुचाने ती टॉर्च मला दिली. द्यायची का नाही याचा विचार करत ती दारात जरा वेळ उभी होती. मग माझ्या हातात ठेवली, नाडीसकट. मी गाडी मागे घेतली. सवयीने मान वळवून दाराकडे पाहिलं. तिने गोल काढला नाही, काढायला तिच्याकडे काही नव्हतं. पण दिवे मी तरीही एकदा उघडझाप केले. तिने दार लावून घेतलं.

सध्या आमच्याकडे साडेचारलाच अंधारून येतं. तळं कडेकडेने गोठलं आहे. त्याच्या पलीकडच्या काठावर डॉक्टरांचं घर, त्यांच्या अभ्यासिकेची मोठी खिडकी थेट पाण्यावर. मी बर्फाचे बूट घालतो, नाडी मनगटाला गुंडाळतो आणि अलीकडच्या काठावर जाऊन उभा राहतो. टॉर्च त्या खिडकीकडे धरतो. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, भराभर. पहिल्या संध्याकाळी ते खिडकीशी आले. काचेमागे त्यांची आकृती अगदी स्पष्ट दिसली, हातात कप होता. ती क्षणभर थांबली, मग वळली. अगदी तशीच. आता ते दिवेलागणीलाच पडदे ओढून घेतात. ओढू देत. पडद्याआड बसलेल्या माणसालाही बाहेर दिवा हलतोय हे माहीत असतं.

मग मी काठाकाठाने घरी येतो. दार उघडायच्या आधी माझ्या दिवाणखान्याच्या खिडकीसमोर थांबतो. आत अंधार असतो, त्यामुळे काचेत मीच दिसतो. टॉर्च तिकडेही धरतो आणि तशीच हलवतो. काचेतला दिवा माझ्याकडे बघून हलत राहतो. तेवढा वेळ मी पुन्हा त्या रबरी बोटीत असतो, तो समोर बसलेला असतो, आणि मी त्या काळ्या खडकाकडे बघत नसतो.